जेनीचा वाडा: कॉर्नेलमधल्या एका फ्रॅटर्निटीचं घर आणि १९०६ ची आग

७ डिसेंबर १९०६ ची पहाट. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावाच्या वर, टेकडीच्या उतारावर, एक दगडी वाडा पेटला. बाहेर बर्फ पडत होतं, वारा सुटला होता आणि आत कॉर्नेल विद्यापीठाचे विद्यार्थी गाढ झोपेत होते. त्यांतले चार जण गेले. गावातून आग विझवायला वर धावत आलेले तीन स्वयंसेवकही भिंत अंगावर कोसळून गेले. एकूण सात माणसं.

नुसत्या आगीची हकिगत दोन-तीन परिच्छेदांत सांगून होईल. पण हा वाडा विद्यार्थ्यांसाठी बांधलेलाच नव्हता. एका श्रीमंत आणि क्षयानं खंगलेल्या बाईनं तो आपल्यासाठी बांधायला घेतला आणि तिला त्यात कधी राहता आलं नाही. तिच्या मृत्युपत्रावरून उठलेला वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यानंतर कुठे तो वाडा ‘काय साय’ नावाच्या फ्रॅटर्निटीच्या हाती आला. दोन डझन तरुण मुलं अशा घरात राहायला कशी आली, आणि ज्या विद्यापीठाच्या भरवशावर आईबापांनी त्यांना घरापासून लांब पाठवलं होतं, ते विद्यापीठ त्या घरापुरतं कुठे होतं, हे मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आज आपल्या घराघरांतून मुलं अमेरिकेला शिकायला जातात. आपण विद्यापीठाचं नाव बघतो, फी बघतो, क्रमवारी बघतो. मुलगा झोपणार कुठल्या छपराखाली, हा प्रश्न बहुतेकदा व्हिसाच्या नंतर येतो.

फ्रॅटर्निटी आणि तिचं घर

फ्रॅटर्निटी म्हणजे महाविद्यालयीन मुलांचं बंधुमंडळ. नाव ग्रीक अक्षरांचं, काही विधी गुप्त, सभासद एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणणार. वर्षातून ठरावीक दिवसांत नव्या मुलांना घरी बोलावून पारखायचं, त्याला ‘रश’ म्हणतात. निवडलेला मुलगा आधी ‘प्लेज’ होतो, उमेदवारी करतो, आणि दीक्षेचा विधी झाला की पुरता सभासद. प्रत्येक विद्यापीठातली शाखा म्हणजे ‘चॅप्टर’. काय सायवाले मात्र शाखेला ‘अल्फा’ म्हणतात आणि घराला ‘लॉज’.

काय साय १८४१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या स्कनेक्टडी इथल्या युनियन कॉलेजात दहा विद्यार्थ्यांनी काढली. या मंडळाचं घराशी नातं पहिल्यापासून घट्ट आहे. १८४६ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातल्या त्यांच्या मुलांनी ॲन आर्बरजवळच्या झाडीत ओंडक्यांची एक खोपटी उभी केली. तिथले प्राध्यापक अशा मंडळांच्या विरोधात होते, म्हणून गावापासून जरा बाजूला. अमेरिकेतलं पहिलं फ्रॅटर्निटी-घर म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. तिथे कुणी राहत नसे, नुसत्या बैठका होत. पुढच्या पन्नास वर्षांत या खोपटीचे वाडे झाले. बैठकीच्या खोलीला जेवणघर जोडलं गेलं, जेवणघराला झोपायच्या खोल्या.

घर आलं की मंडळाचा स्वभाव बदलतो. विद्यार्थी चार वर्षांचा पाहुणा. आज आला, उद्या पदवी घेऊन गेला. घर मात्र तिथेच राहतं, आणि त्याचं कर्ज, कर, छपराची गळती हे सगळं बघायला कायमचं कुणीतरी लागतं. ते काम बहुधा माजी विद्यार्थ्यांच्या संस्थेकडे असतं. म्हणजे मालक दुसऱ्या शहरात आणि राहणारे विशी-बाविशीचे. शाखेतल्या मुलांची पिढी चार वर्षांत पूर्ण बदलते, तरी शाखा टिकते ती या घरामुळे. रात्री दिवे कोण मालवतं आणि शेगडीकडे कोण बघतं, तेही याच व्यवस्थेतून ठरतं.

विद्यापीठानं वसतिगृह बांधलं नाही

कॉर्नेल १८६८ साली सुरू झालं. एझ्रा कॉर्नेल यांनी तारायंत्राच्या धंद्यात मिळवलेला पैसा, सरकारकडून मिळालेल्या जमिनी आणि अँड्र्यू डिक्सन व्हाइट या इतिहासाच्या प्राध्यापकाची कल्पनाशक्ती, या तिन्हींवर ते उभं राहिलं. पहिले अध्यक्ष व्हाइटच. कुणीही यावं, काहीही शिकावं, असा त्यांचा बाणा होता आणि त्या काळात तो मोठा होता.

व्हाइट स्वतः येलमध्ये शिकलेले, तिथल्या फ्रॅटर्निटीचे सभासद. बराकीसारख्या वसतिगृहांत मुलं कशी दंगामस्ती करतात, हे त्यांनी जवळून बघितलेलं. पंचवीस-तीस मुलांनी एका नीटनेटक्या घरात, आपापली जबाबदारी घेऊन कुटुंबासारखं राहावं, हे त्यांना जास्त पटत होतं. सुरुवातीला काही विद्यार्थी आणि प्राध्यापक कॅस्काडिला नावाच्या एका इमारतीत दाटीवाटीनं राहिले, काहींना विद्यापीठाच्या इमारतींमधल्या खोल्या मिळाल्या. बाकीच्यांनी गावात खानावळ आणि खोली शोधायची. मुलींसाठी मात्र १८७५ साली सेज कॉलेज हे निवासी वसतिगृह झालं. मुलींची काळजी विद्यापीठानं घ्यायची आणि मुलं आपलं आपण बघतील, असा तो हिशोब. त्या काळाला तो स्वाभाविक वाटला.

काय सायची शाखा इथे १८६९ मध्ये, विद्यापीठ उघडल्याच्या दुसऱ्याच वर्षी, सुरू झाली. हळूहळू टेकडीभर फ्रॅटर्निटींची घरं उभी राहिली. विद्यापीठाचा वसतिगृहांवरचा खर्च वाचला आणि मुलांना डोक्यावर छप्पर मिळालं. दोन्ही बाजू खूश.

या व्यवस्थेत धोका आहे, ही सूचना फार लवकर मिळाली होती. ऑक्टोबर १८७३ मध्ये कप्पा अल्फा सोसायटीच्या दीक्षाविधीच्या रात्री मॉर्टिमर लेगेट नावाचा नवा विद्यार्थी दरीत कोसळून मेला. त्याचे वडील लष्करातले जनरल आणि देशाच्या पेटंट खात्याचे प्रमुख. आपल्याकडे ज्याला रॅगिंग म्हणतात त्याला तिकडे हेझिंग म्हणतात, आणि अमेरिकेतल्या महाविद्यालयांत हेझिंगपायी गेलेल्या पहिल्या बळींमध्ये लेगेटचं नाव घेतात.

दुसरी सूचना पाण्यातून आली. १९०३ च्या हिवाळ्यात इथाकामध्ये विषमज्वराची साथ पसरली. गावाचा पाणीपुरवठा दूषित झाला होता. ८२ माणसं गेली, त्यांत २९ कॉर्नेलचे विद्यार्थी. मुलं गावातल्या खानावळींत जेवत आणि तिथलंच पाणी पीत. साथीनंतर पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी विद्यापीठासाठी पाणी गाळण्याच्या यंत्रणेचा खर्च उचलला, आजारी विद्यार्थ्यांच्या उपचारांचाही. पाण्याचा प्रश्न सुटला. मुलांनी राहायचं कुठे, हा प्रश्न तसाच राहिला. काय सायचा वाडा जळाला तो यानंतर पुरत्या चार वर्षांच्या आत.

जेनी मॅकग्रॉ

आता वाड्याकडे येतो. इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण या बाईबद्दल वाचल्यापासून तो वाडा मला नुसती इमारत वाटत नाही.

जॉन मॅकग्रॉ लाकडाचे बडे व्यापारी, कॉर्नेलचे आरंभीचे देणगीदार. जेनी त्यांची एकुलती एक मुलगी. १८६८ च्या उद्घाटनाला तिनं विद्यापीठाला नऊ घंटांचा संच दिला. त्या घंटा पहिल्याच दिवशी, ७ ऑक्टोबरला, वाजल्या आणि आजही विद्यापीठाच्या मनोऱ्यात वाजतात. आता त्या २१ झाल्या आहेत. रोज सकाळच्या वादनात सगळ्यात आधी जी धून वाजते, ती जेनीच्या नावानं ओळखली जाते.

१८७७ मध्ये वडील वारले आणि सगळी इस्टेट तिच्याकडे आली. तिनं टेकडीच्या पश्चिम उतारावर, खाली पसरलेलं कायुगा सरोवर दिसेल अशा जागी, वाडा बांधायला काढला. आराखडा विल्यम हेन्री मिलर यांचा. मिलर हे कॉर्नेलमध्ये वास्तुकला शिकायला आलेले पहिले विद्यार्थी, आणि पुढे त्या गावाचा अर्धा चेहरा त्यांनीच घडवला. काम चालू असताना जेनी युरोपात होती आणि घरासाठी चित्रं, पुतळे, सामानसुमान जमवत होती.

तिकडेच १४ जुलै १८८० ला, बर्लिनमध्ये, तिचं विलर्ड फिस्क यांच्याशी लग्न झालं. फिस्क कॉर्नेलचे पहिले ग्रंथपाल आणि उत्तर युरोपातल्या भाषांचे प्राध्यापक. आइसलँडची भाषा आणि तिथली पुस्तकं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. व्हाइट त्या वेळी जर्मनीत अमेरिकेचे राजदूत होते आणि फिस्क त्यांचे जुने मित्र. जेनीचा क्षय तोवर बळावला होता. हवा मानवेल म्हणून नवराबायको हिवाळ्यात इजिप्तला गेले, नाईलवर राहिले. उपयोग झाला नाही. तिला इथाकाला परत आणलं आणि ३० सप्टेंबर १८८१ ला ती वारली. लग्नाला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. वाडा तयार होत आला होता, तिच्या पसंतीच्या वस्तू येऊन पडल्या होत्या, आणि मालकीण गेली.

मृत्युपत्रात नवऱ्याला, वडिलांकडच्या नातेवाइकांना बरीच रक्कम होती. पण मोठा वाटा कॉर्नेलला होता: ग्रंथालयाला, आणि आजारी पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी रुग्णालयालाही. मुलं आजारी पडली तर त्यांना बघणारं इथे कुणी नाही, हे त्या आजारी बाईच्या लक्षात आलं होतं.

अडचण निघाली कायद्याची. विद्यापीठाच्या सनदेत एक कलम होतं: कॉर्नेलनं ३० लाख डॉलरहून जास्त मालमत्ता बाळगायची नाही. विस्कॉन्सिनमधल्या पाइनच्या जंगलांमुळे विद्यापीठाची मिळकत ही मर्यादा गाठून बसली होती. १८८२ मध्ये विधिमंडळाकडून ती उठवून घेतली, पण जेनी त्याच्या आधीच्या वर्षी गेली होती. विश्वस्तांशी बिनसलेल्या फिस्क यांना हे कळलं तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि मृत्युपत्राला आव्हान दिलं. जेनीचे नातेवाईकही उतरले. विद्यापीठाच्या बाजूनं विश्वस्त मंडळाचे प्रमुख हेन्री सेज ठाम उभे राहिले. खालच्या न्यायालयात विद्यापीठ जिंकलं, वरच्यात हरलं, त्याच्याही वरच्यात हरलं, आणि मे १८९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं अखेर फिस्क आणि वारसांच्या बाजूनं निकाल दिला. गावात याला ‘मोठा मृत्युपत्र खटला’ म्हणत.

फिस्क वाईट माणूस होते, असं मला वाटत नाही. इटलीत फ्लॉरेन्सला राहून त्यांनी दान्ते आणि पेत्रार्क हे इटालियन कवी आणि आइसलँड यांच्याविषयीचे ग्रंथ जमवले, आणि ते संग्रह आणि १९०४ मध्ये वारले तेव्हा उरलेला पैसा कॉर्नेललाच देऊन गेले. विद्यापीठाच्या सेज चॅपलमध्ये जेनीच्या शेजारीच त्यांना विसावा मिळाला. ग्रंथालय हेन्री सेज यांनी स्वतःच्या पैशांनी बांधून दिलं. ते १८९१ मध्ये उघडलं, आराखडा पुन्हा मिलर यांचाच. सेज वारल्यावर त्यांचं गावातलं राहतं घर मुलांनी विद्यापीठाला रुग्णालयासाठी दिलं. तेही मिलर यांनीच उभारलेलं.

वाडा या सगळ्या वर्षांत टेकडीवर तसाच उभा. आतल्या वस्तू विकल्या गेल्या. येणारे-जाणारे बंद खिडक्यांकडे बघत वर कॉलेजात जात. १८९६ मध्ये काय सायनं तो घेतला.

घर एकाचं, राहणारे दुसरे

फ्रॅटर्निटीच्या दृष्टीनं ही लॉटरीच होती. साऱ्या टेकडीवर असं घर दुसरं नव्हतं. रशच्या दिवसांत नवा मुलगा दारात आला की त्याला त्या दिवाणखान्यातून, त्या जिन्यावरून फिरवलं की अर्धं काम झालं. माजी विद्यार्थ्यांना अभिमान, राहणाऱ्यांना थाट.

पण श्रीमंती वाडा कशासाठी बांधतात, याचा विचार करून बघा. आत राहणार नवराबायको, फार तर चार पाहुणे, आणि नोकरमाणसं. मधोमध जिना, तो खालपासून वरपर्यंत मोकळा, पाहुण्याला आत शिरताच घराची उंची दिसावी म्हणून. भिंतींना लाकडी फळ्यांचं आवरण, जमिनीला पॉलिश, उंच छत. बाहेरून दगड असल्यामुळे घर अभेद्य दिसतं, पण दगड ही फक्त साल आहे, गाभा लाकडाचाच. आणि असा उघडा जिना आगीच्या वेळी धुराड्याचं काम करतो. खालच्या मजल्यावरचा धूर आणि गरम हवा काही मिनिटांत वर चढते, आणि झोपलेली माणसं असतात ती वरच. ज्या वाटेनं पळायचं तीच वाट आधी बंद होते. कुटुंबासाठी बांधलेल्या घरात दोन डझन मुलं वर झोपवायची, तर बाहेरच्या बाजूनं लोखंडी जिना हवा, दुसरी वाट हवी, रात्री जागा असणारा माणूस हवा. हे बघणं कुणाचं काम? विद्यापीठ म्हणणार, घर आमचं नाही. माजी विद्यार्थी आपापल्या गावी. मुलं तर मुलंच. वाटून घेतलेली काळजी तिघांच्याही हातून निसटली.

त्याच आठवड्यात त्याच गावात घडलेली आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. आगीच्या तीनच दिवस आधी, ४ डिसेंबर १९०६ ला, कॉर्नेलमधल्या सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा ही फ्रॅटर्निटी स्थापन केली. अशा विद्यार्थ्यांची ती देशातली पहिली आंतरमहाविद्यालयीन फ्रॅटर्निटी, पुढे मार्टिन ल्यूथर किंग तिचे सभासद झाले. टेकडीवरच्या घरांत या सातांना सभासद म्हणून जागा नव्हती. त्यांच्यातले काही जण अशाच घरांत जेवण वाढायचं काम करून शिकत. राहायचे गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांकडे, बैठका तिथेच. १९०४-०५ मध्ये शिकत असलेले सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी पुढच्या वर्षी परतलेच नव्हते. एकटं पडू नये, अभ्यासात एकमेकांचा आधार असावा, यासाठी त्यांनी आधी अभ्यासगट काढला आणि त्यातून ही संस्था आली. जेनीच्या वाड्याइतकं भव्य घर सोडा, साधं स्वतःचं घरही तेव्हा त्यांच्याकडे नव्हतं. फ्रॅटर्निटीचा इतिहास सांगताना बहुतेक जण घरापासून सुरुवात करतात, म्हणून ही गोष्ट मुद्दाम इथे मांडली.

ती पहाट

मुलांना जाग आली तोवर जिना गेला होता. ज्यांना खिडकी गाठता आली त्यांनी उड्या मारल्या, कुणी कडेला लटकून खाली सुटलं. अंगावर रात्रीचे कपडे, पायात काही नाही, खाली बर्फ. वारा ज्वाळांना घराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ढकलत होता.

ऑलिव्हर श्मक हा पेनसिल्व्हेनियातल्या हॅनोव्हर गावचा मुलगा. तो बाहेर पडला होता. पण त्याचा खोलीतला जोडीदार विल्यम निकल्स बाहेर दिसेना, म्हणून तो परत आत शिरला. निकल्स वाचला नाही. श्मकला भाजलेल्या अवस्थेत विद्यापीठाच्या रुग्णालयात नेलं, तिथे तो गेला. ते रुग्णालय म्हणजे हेन्री सेज यांचं घर. जेनीनं विद्यार्थ्यांच्या रुग्णालयासाठी ठेवलेला पैसा खटल्यात गेला होता. तिच्या वाड्यात भाजलेला मुलगा अखेर त्या खटल्यात विद्यापीठाच्या बाजूनं लढलेल्या माणसाच्या घरात नेला गेला. दोन्ही घरं एकाच माणसानं आखलेली. हे सारं एका ओळीत येतं तेव्हा मला पुढचं वाक्य लगेच लिहिता येत नाही.

आणखी दोन विद्यार्थी गेले: फ्रेड ग्रेले आणि जेम्स मॅककचन.

इथाकाचं अग्निशमन दल स्वयंसेवकांचं होतं. दिवसा आपापला धंदा, नोकरी करणारी गावकरी मंडळी, घंटा वाजली की हातातलं टाकून धावायची. त्या रात्री त्यांना अंथरुणातून उठून, बर्फातून, खालच्या गावातून ही खडी टेकडी चढायची होती. ती चढण ज्यानं नुसती चालून बघितली असेल त्याला साधनं घेऊन ती चढणं काय असेल, हे कळेल. जॉन रमसी, आल्फ्रेड रॉबिन्सन आणि एस्टी लँडन हे तिघं भिंतीजवळ असताना ती दगडी भिंत कोसळली. आतलं लाकूड जळून गेलं की अशा भिंतीला पाठीमागून धरून ठेवणारं काहीच उरत नाही. इतकी वर्षं ज्या दगडामुळे घर भक्कम वाटत होतं, तोच त्यांच्या अंगावर आला.

विद्यार्थ्यांची आणि गावाची तेव्हा नेहमीच कुरबुर असायची, जशी कुठल्याही विद्यापीठाच्या गावात असते. पोरं रात्री गाणी म्हणत फिरणार, गावकरी वैतागणार. त्या पोरांसाठी गावातली तीन घरं उघडी पडली. या प्रकरणाबद्दल बोलताना श्मकचं धाडस सगळे सांगतात आणि ते सांगायलाच हवं. रमसी, रॉबिन्सन, लँडन यांची नावंही तितक्याच मोठ्यानं घेतली जावीत, असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतर

काय सायनं जागा सोडली नाही. पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, जुन्या वाड्याच्या जागीच नवं लॉज उभं राहिलं. शाखा कोलमडेल असं कुणालाही वाटलं असतं, इतका मोठा तो धक्का होता. पण घर परत उभं करणारे माजी विद्यार्थी होते, आणि घर उभं राहिल्यावर शाखाही उभी राहिली. या पद्धतीची ताकद आहे ती ही. तिच्या उणिवा दाखवताना हे झाकून ठेवणं बरोबर नाही.

विद्यापीठ मात्र हळूहळू हललं. मुलांसाठीही निवास बांधला पाहिजे, ही मागणी विषमज्वर आणि आग यांच्यानंतर टाळता येईना. १९१३ मध्ये मुलींसाठी रिस्ली हॉल झालं, तेही मिलर यांच्याच हातचं. मुलांसाठीची पहिली मोठी वसतिगृहं, बेकर टॉवरपासूनची, १९१४ नंतर उभी राहिली. बॅंकर जॉर्ज बेकर यांनी पैसे दिले. ती इमारत त्याच पश्चिम उतारावर आहे, जेनीच्या वाड्यापासून फार लांब नाही.

इथे थांबलो तर प्रकरण सोपं होईल: विद्यापीठानं हात झटकले म्हणून मुलं गेली, विद्यापीठानं वसतिगृह बांधलं आणि प्रश्न मिटला. तसं झालं नाही. ५ एप्रिल १९६७ ला, पहाटेच, कॉर्नेल हाइट्स रेसिडेन्शियल क्लब या इमारतीत आग लागली. ही इमारत विद्यापीठाच्या स्वतःच्या मालकीची. आठ विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबर राहणारे एक प्राध्यापक असे नऊ जण गेले, धुरानं. १९०६ पेक्षा जास्त. मालक विद्यापीठ होतं, तरी छताला पाण्याचे फवारे नव्हते.

मग आग थांबवणारी गोष्ट मालकीत नसून भिंतीतल्या नळात आहे, हे कुठे समजलं? उत्तर कॅरोलायनामध्ये, आणखी २९ वर्षांनी. १२ मे १९९६, चॅपेल हिलमधल्या विद्यापीठाचा पदवीदान समारंभाचा दिवस. आईबाप समारंभासाठी गावात आलेले, आणि सकाळी फाय गॅमा डेल्टा फ्रॅटर्निटीच्या घरात आग लागून पाच विद्यार्थी मेले. त्या घरातही फवारे नव्हते. त्यानंतर चॅपेल हिलच्या नगरपालिकेनं ठराव केला की गावातल्या प्रत्येक फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटीच्या (मुलींच्या अशाच मंडळाच्या) घरात पाच वर्षांच्या आत फवारे बसलेच पाहिजेत. घर कुणाच्या नावावर आहे, शाखा किती जुनी आहे, माजी विद्यार्थी किती मोठे आहेत, यावर काही अवलंबून ठेवलं नाही.

हे फवारे कसे चालतात, ते मी एकदा एका वसतिगृहात मान वर करून नीट बघितलं होतं. छताला पितळेची एक छोटी तोटी. तिच्या तोंडाशी करंगळीहून बारीक एक काचेची नळी, तिच्यात लाल द्रव. नळी तोटीचं तोंड दाबून धरते. खोलीतली हवा ६८ अंश सेल्सियसपर्यंत तापली की द्रव फुगतो, काच फुटते, आणि मागे दाबात थांबलेलं पाणी सुटतं. फक्त त्याच खोलीत, जिथे आग आहे तिथे. त्यासाठी वीज लागत नाही. खाली गावात घंटा वाजवावी लागत नाही आणि बर्फातून टेकडी चढून कुणाला यावं लागत नाही. पहाटे सगळे झोपलेले असतानाही ती नळी फुटते.